मधमाशीचा दंश आणि जिवावरची ॲलर्जी : ओळख व तातडीचे उपचार

(कांदा बीजोत्पादक व फळबागायतदार शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कृषिविद्येच्या माणसाने दंशावर आणि इंजेक्शनावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही. माझे काम पेरणीचे अंतर, खताची मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या यांचे. परंतु आम्ही विद्यापीठाची माणसेच तुम्हाला सांगत असतो की, कांद्याच्या बीजोत्पादनात, सूर्यफुलात, डाळिंबाच्या बागेत, कलिंगड-काकडीच्या प्लॉटमध्ये मधमाशा आणा. फुलोऱ्याला सुरुवात झाली की हेक्टरी चार-पाच पेट्या ठेवा, परागीभवन चांगले होते, बी भरते, फळाला आकार येतो. हा सल्ला बरोबरच आहे आणि आजही मी तोच देईन. मात्र माशी शेतात आणायला सांगणाऱ्याने माशी चावल्यावर काय करावे हेही सांगितले पाहिजे. ते आम्ही आजवर नीट सांगितलेले नाही. ती उणीव आज भरून काढावी, असा माझा प्रयत्न आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारी महिन्यात एका गावात कांदा बीजोत्पादनाचा प्रात्यक्षिक प्लॉट होता. गोंडे फुलले होते, पेट्या ठेवलेल्या होत्या. सकाळी दहाच्या सुमारास खुरपणीला आलेल्या एका मावशींना मानेवर माशी चावली. एकच माशी. त्यांनी काटा चोळून काढला आणि पुन्हा कामाला बसल्या. पाच मिनिटांत त्यांच्या हातांवर गांधी उठल्या, तळहात खाजू लागले. मी विचारले तर म्हणाल्या, "काही नाही सर, माशीच तर चावली. अंगावर पित्त उठलंय. आमसुलाचं पाणी लावलं की जाईल."

मलाही ते पटले. आम्ही त्यांना झाडाखाली बसवले. कोणीतरी घरी आमसूल आणायला गेले. थोड्या वेळाने त्यांना उलटी झाली. उन्हाने झाली असेल, न्याहारी केली नसेल, असे म्हणून आम्ही साखर-मिठाचे पाणी दिले. मग त्यांचा आवाज घोगरा झाला आणि "जीव घाबरा होतोय" असे त्या म्हणू लागल्या. तेव्हा मात्र धावपळ झाली. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये त्यांना बसवले. बांध ओलांडतो न ओलांडतो तोच त्यांनी मान टाकली. नशिबाने त्याच वेळी कांद्याची गोणी वाहणारी जीप आली. आत बसायला जागा नव्हती म्हणून मावशींना खाली आडवे केले आणि पाय गोण्यांवर टेकवले. आम्ही ते काही जाणून केले नव्हते. पण त्या आडव्या झाल्या, हेच त्यांच्या पथ्यावर पडले, हे मला नंतर कळले.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी एका क्षणात ओळखले. मांडीत इंजेक्शन दिले, सलाईन लावले. दहा मिनिटांत मावशींनी डोळे उघडले. मग डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. पहिला त्यांच्या सुनेला : "यापूर्वी कधी असे झाले होते का?" सून म्हणाली, "मागल्या वर्षी माशी चावली तवा अंगभर गांधी उठल्या होत्या." दुसरा प्रश्न मला होता : "दंश दहाला झाला. एवढा वेळ तुम्ही कशात घालवला?"

माझ्या वहीत पेट्यांची संख्या, गोंड्यांची संख्या, माशांच्या भेटींची नोंद, सारे होते. या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र नव्हती. पहिला प्रश्न कामाला लावण्यापूर्वी मी विचारायला हवा होता. दुसऱ्याचे उत्तर द्यायची मला लाज वाटली. असा वेळ तुमच्या शेतात वाया जाऊ नये, यासाठी आजचे हे बोलणे आहे.

असे का होते?

माशी चावली की दुखते, लाल होते, सूज येते. हे सर्वांनाच होते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. काहींचा सगळा हात सुजतो. तेही त्रासाचे असले तरी सहसा जिवावरचे नसते. मात्र काही थोड्या लोकांचे शरीर या विषाला शत्रू मानून त्याची जणू ओळख नोंदवून ठेवते. पहिल्या दंशाच्या वेळी बहुधा काही जाणवत नाही. शरीर तेव्हा फक्त तयारी करते. पुढच्या एखाद्या दंशाला ही तयारी एकाच वेळी सगळ्या अंगात उफाळून येते. हिस्टामिन व तत्सम द्रव्ये रक्तात सुटतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात व पाझरू लागतात, रक्तदाब खाली येतो, घसा आतून सुजतो, श्वासनलिका आवळतात. दोष विषाच्या मात्रेचा नसून शरीराच्या या उलट्या प्रतिकाराचा असतो. म्हणून एक माशीही पुरते.

डॉक्टर याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. हा शब्द १९०२ मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञ शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांच्या कामातून आला. समुद्रातील एका प्राण्याचे विष कुत्र्यांना थोडे थोडे देऊन त्यांची सहनशक्ती वाढते का, हे ते पाहत होते. झाले उलटेच. पूर्वी विष दिलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी अल्प मात्रेनेही दगावला. या शोधाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्यासाठी त्यातील बोध एवढाच की, "मला तर लहानपणापासून माशा चावतात, मला काय होणार?" हा युक्तिवाद खरा नाही.

ही प्रतिक्रिया केवळ माशीनेच होते असे नाही. पेनिसिलिनसारखे इंजेक्शन, दुखण्याच्या काही गोळ्या, शेंगदाणे, कोळंबी, अंडी यांनीही ती होते. सर्पदंशावरील लस घोड्याच्या रक्तापासून तयार करतात. तिनेही काही रुग्णांना अशी प्रतिक्रिया येते. म्हणून ती दवाखान्यातच, प्रतिक्रियेवरचे औषध हाताशी ठेवून देतात. याचा अर्थ ही लस टाळावी असा मुळीच नाही. विषारी साप चावला असेल आणि विषाची लक्षणे असतील तर तिला पर्याय नाही. आपल्या जनावरांनाही इंजेक्शन वा लसीनंतर क्वचित असा झटका येतो. म्हणून लस टोचल्यावर अर्धा तास जनावरावर लक्ष ठेवावे आणि तोवर पशुवैद्यकाला जाऊ देऊ नये.

कोणती माशी?

आपल्याकडे चार प्रकारच्या मधमाशांशी शेतकऱ्याचा संबंध येतो. आग्या माशी मोठ्या झाडांवर, कड्यांवर, पाण्याच्या टाक्यांखाली एकच मोठे उघडे पोळे बांधते. ती चिडली की थव्याने येते आणि दूरवर पाठलाग करते. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहते आणि पेटीतही पाळली जाते. फुलोरी माशी लहान असून झुडपात तळहाताएवढे पोळे करते. चौथी मेलिफेरा, म्हणजे युरोपियन माशी, पाळीव असून परागीभवनासाठी भाड्याने मिळणाऱ्या पेट्यांत बहुधा हीच असते. पाळीव माशी शांत खरी, पण तिच्या विषानेही ॲलर्जी होते.

मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. त्यामुळे नांगी विषाच्या पिशवीसह कातडीत अडकून राहते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी अडकत नाही. ती एकामागून एक अनेकदा डसते. विहिरीवरची स्टार्टरची पेटी, ठिबकचे गुंडाळून ठेवलेले पाईप, गोठ्याची वळचण, बांधातील बीळ या तिच्या आवडत्या जागा. तिच्या विषानेही अशीच प्रतिक्रिया येते.

ओळख कशी पटवावी?

दंशानंतर बहुधा पाच ते तीस मिनिटांत लक्षणे सुरू होतात. पुढील चार ठिकाणी पाहावे :

१) कातडी : दंश एकीकडे आणि गांधी दुसरीकडे, ही पहिली खूण. मानेवर चावले आणि हातांवर, पोटावर गांधी उठल्या. तळहात-तळपाय खाजू लागले. अंग लाल झाले. ओठ, पापण्या, जीभ सुजली.

२) श्वास : घशात काही अडकल्यासारखे वाटणे, गिळता न येणे, आवाज घोगरा होणे, सारखा खोकला, धाप, छातीतून शिटीसारखा आवाज.

३) रक्ताभिसरण : चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, नाडी जलद व अशक्त, अंग गार पडणे, बेशुद्धी. लहान मूल एकाएकी मलूल होते.

४) पोट : कळा, उलटी, जुलाब.

नुसत्या गांधी उठल्या आणि श्वास, आवाज, नाडी ठीक असेल तर ती सौम्य ॲलर्जी असू शकते. तरीही माणसाला एकटे सोडू नये, आणि दवाखान्याच्या दिशेने निघावे. मात्र दंशानंतर यांपैकी दोन ठिकाणची लक्षणे एकदम दिसली, किंवा केवळ श्वास लागला, घसा आवळला, भोवळ आली, तरी तो जिवावरचा प्रसंग समजावा. काही रुग्णांच्या अंगावर एकही गांध उठत नाही. ते थेट कोसळतात. "गांधी नाहीत, म्हणजे ॲलर्जी नाही" असे मानू नये. "जीव घाबरा होतोय, काहीतरी वाईट होणार" असे माणूस म्हणू लागला तर ते भित्रेपणाचे बोलणे नव्हे. तेही या आजाराचे एक लक्षण आहे.

शेतात अशाच घाबरवणाऱ्या दुसऱ्या घटनाही घडतात. फवारणीचे विष चढले तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, घाम सुटतो, स्नायू फडफडतात. त्याचे उपचार वेगळे आहेत. रुग्णाबरोबर औषधाचा डबा व चिठ्ठी न्यावी. विंचूदंशात भरपूर घाम येतो आणि हातपाय गार पडतात. त्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केलेले प्राझोसिन हे औषध डॉक्टर देतात. मण्यार चावली तर दुखत नाही, पण पापण्या जड होऊन मिटू लागतात. नेमके काय चावले, किती वाजता चावले, आधी कोणती फवारणी केली होती, हे डॉक्टरांना सांगितले की त्यांचे निदान सोपे होते.

तातडीने काय करावे?

१) प्रथम माणसाला माशांपासून दूर न्यावे. चिरडलेल्या माशीतून पिकलेल्या केळासारखा वास सुटतो आणि तो इतर माशांना हल्ल्याचा इशारा असतो. तिथेच थांबून माशा मारत बसू नये.

२) नांगी ताबडतोब काढावी. नखाने खरवडून काढावी की चिमटीने, या वादात पडू नये. विषाची पिशवी पहिल्या अर्ध्या मिनिटातच बहुतेक रिकामी होते. म्हणून पद्धतीपेक्षा घाई महत्त्वाची. दहा-पंधरा मिनिटांनंतर नांगी शोधण्यात वेळ घालवू नये.

३) वर सांगितलेली लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे आणि ती मोफत आहे. "माशी चावून धाप लागली आहे, माणूस कोसळतो आहे" असे स्पष्ट सांगावे. गाव, वस्ती, जवळची ठळक खूण सांगावी. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या चारचाकीने जवळच्या अशा दवाखान्यात जावे, जिथे डॉक्टर आता हजर आहेत. लांबच्या मोठ्या दवाखान्यापेक्षा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र बरे. एकाने पुढे फोन करून डॉक्टरांना कळवावे.

४) रुग्णाला आडवे झोपवावे आणि पाय उशीवर, पोत्यावर उंच ठेवावेत. रक्तदाब खाली आलेला असताना माणसाला एकदम उठवले, चालवले, मोटारसायकलवर मधे बसवले, तर हृदयाकडे परतणारे रक्त कमी पडते आणि हृदय थांबू शकते. आमच्याकडून नेमकी हीच चूक झाली होती. धाप फारच लागत असेल तर पाय लांब पसरून टेकून बसू द्यावे, पण उभे करू नये. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर ठेवावे.

५) दम्याचा रुग्ण असेल आणि त्याचा स्वतःचा फवारा जवळ असेल तर तो द्यावा. मात्र त्यावर विसंबून दवाखाना लांबवू नये.

६) शुद्ध हरपली व श्वास थांबला तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सें.मी. खोल दाब द्यावेत. मदत येईपर्यंत थांबू नये. आळीपाळीने दोघांनी करावे.

जीव वाचवणारे औषध : ॲड्रेनॅलिन

या आजारावरचे पहिले व खरे औषध एकच आहे, ते म्हणजे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते, हृदयाला जोर देते आणि शरीरातून सुटणारी द्रव्ये रोखते. म्हणजे वर सांगितलेल्या प्रत्येक बिघाडावर ते उलटे काम करते. एक मिलिलिटरच्या लहान काचेच्या कुपीत एक मिलिग्रॅम औषध असते. मोठ्या माणसाला डॉक्टर साधारणपणे अर्धा मिलिलिटर देतात, लहान मुलांना वजनाप्रमाणे कमी. ते मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूस, स्नायूत दिले जाते. फरक न पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा देतात. औषध स्वस्त आहे आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत प्राथमिक केंद्रासाठीही नमूद आहे.

ही माहिती मी आपणांस स्वतः इंजेक्शन टोचण्यासाठी सांगत नाही. शिरेत चुकून गेले किंवा मात्रा चुकली तर ते घातक ठरते. पण दवाखान्यात गेल्यावर "डॉक्टरसाहेब, माशीची ॲलर्जी वाटते, ॲड्रेनॅलिन लागेल का?" असे नम्रपणे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. ॲलर्जीची गोळी वा साधे ॲलर्जीचे इंजेक्शन खाज आणि गांधी कमी करते. ते घशाची सूज आणि पडलेला रक्तदाब वेळेत सावरू शकत नाही. स्टेरॉइडलाही परिणाम दाखवायला वेळ लागतो. ही औषधे नंतरची आहेत. गोळी देऊन "बघू अर्ध्या तासाने" असे म्हणत थांबणे, हीच खरी जोखीम. ज्यांचा मृत्यू होतो, त्यांच्यात दंशानंतर हृदय थांबेपर्यंत मिळणारा वेळ साधारण पंधरा मिनिटांच्या आसपास असतो. गावापासून केंद्राचे अंतर किती, हे ध्यानात घेतले म्हणजे आमसूल शोधण्याला किती वेळ उरतो, हे आपणच ठरवावे.

इंजेक्शनाचा परिणाम थोडा वेळच टिकतो. काही रुग्णांना बरे वाटल्यावर काही तासांनी पुन्हा तोच त्रास होतो. म्हणून "आता बरे आहे, दूध काढायची वेळ झाली" म्हणून घरी निघू नये. डॉक्टर सांगतील तितके तास, गरज पडल्यास रात्रभर, तिथेच राहावे. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या गोळ्या चालू असतील तर ते अवश्य सांगावे. त्यांपैकी काही गोळ्यांमुळे ॲड्रेनॅलिनचा परिणाम कमी होतो.

हे करू नये

दंशावर लोखंड घासणे, चुना, कांदा, रॉकेल लावणे, जागा कापणे किंवा तोंडाने चोखणे यांनी या प्रतिक्रियेला काहीही अटकाव होत नाही. साध्या दंशावर थंड पाण्याची पट्टी पुरे. घसा सुजत असलेल्या माणसाला पाणी, चहा, काढा पाजू नये. तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. साध्या पित्ताला आमसूल लावावे की नाही, हा आपला घरचा प्रश्न. पण माशी चावल्यानंतर उठलेल्या गांधींना पित्त म्हणू नये.

शंभर माशा चावल्या तर?

हा प्रकार ॲलर्जीहून वेगळा आहे. आग्या मोहोळ उठले आणि अनेक दंश झाले तर विषाची मात्राच मोठी होते. स्नायूंना व मूत्रपिंडांना इजा होते. त्याची लक्षणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही दिसतात. लघवी लाल-काळसर होणे किंवा कमी होणे ही धोक्याची खूण. तीस-चाळीसपेक्षा जास्त दंश झाले असतील तर माणूस ठणठणीत दिसला तरी दवाखान्यात दाखल करावे. लहान मुले व वृद्ध यांच्या बाबतीत याहूनही कमी दंशांना दाखवून घ्यावे.

मोहोळ उठल्यावर तोंड व मान उपरण्याने, पदराने झाकून सरळ धावत सुटावे आणि घरात, बंद गाडीत शिरावे. जवळ घोंगडी, ताडपत्री असेल तर पांघरावी. विहिरीत उडी मारू नये. माशा वर घोंगावत राहतात आणि माणूस बुडतो. दावणीला बांधलेले जनावर पळू शकत नाही. म्हणून मोठे मोहोळ असलेल्या झाडाखाली जनावरे बांधूच नयेत. बांधावीच लागली तर एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारावी.

प्रतिबंध आणि पूर्वतयारी

मोहोळ दिसले म्हणून जाळू नये. ती माशी तुमच्या पिकाची मजूर आहे. तिला डिवचू नये, एवढेच पथ्य. मोहोळाच्या झाडाखाली पाचट पेटवणे, फटाके वाजवणे, दगड मारणे टाळावे. मोहोळ वाटेवर किंवा शाळेजवळ असेल तर प्रशिक्षित मधपाळाकडून ते हलवावे. पुणे येथे १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तेथील प्रशिक्षणाचा तरुणांनी लाभ घ्यावा.

पेट्या प्लॉटच्या कडेला, मजुरांच्या व जनावरांच्या वाटेपासून दूर ठेवाव्यात. पेटीच्या तोंडासमोरून ये-जा करू नये. पेटीजवळ जाताना फिकट रंगाचे, अंगभर कपडे घालावेत. अत्तर, सुवासिक तेल टाळावे. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारणे टाळावे. अगदीच गरज असेल तर माशा परतल्यावर संध्याकाळी फवारावे. त्यात माशीही वाचते आणि मजूरही. स्टार्टरची पेटी उघडण्यापूर्वी, पाईप उचलण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. पेट्या ठेवण्याच्या दिवशी प्रत्येक मजुराला एक प्रश्न विचारावा : "पूर्वी माशी चावून कधी अंगभर गांधी, धाप किंवा चक्कर आली होती का?" "हो" म्हणणाऱ्यास त्या प्लॉटवर पाठवू नये. दुसरे काम द्यावे, मजुरी कापू नये. मजुरी जाईल या भीतीने बायामाणसे हे लपवतात, हे मी पाहिले आहे. दम्याच्या रुग्णांबाबत अधिक जपावे. बाहेरगावहून आलेल्या ऊसतोड टोळीला इथले आरोग्य केंद्र कुठे आहे हेही ठाऊक नसते. मुकादमाला ते दाखवून ठेवावे.

ज्यांना एकदा असा झटका आला आहे, त्यांनी ॲलर्जीच्या तज्ज्ञाला दाखवावे. पुढच्या दंशाला तसेच होईलच असे नाही, पण होण्याची शक्यता बरीच असते. विषाची अल्प मात्रा हळूहळू वाढवत देऊन शरीराची सवय मोडण्याची उपचारपद्धती आहे. आपल्याला ती लागू आहे का, हे तज्ज्ञच सांगतील. परदेशात अशा माणसांजवळ ॲड्रेनॅलिनचे तयार पेन असते. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही. म्हणून डॉक्टरांशी बोलून घरातील एकाला प्रशिक्षण देता येईल का, हे विचारावे. खिशात एक चिठ्ठी ठेवावी : नाव, ॲलर्जी कशाची, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरचा फोन क्रमांक.

गावासाठीही एक सूचना आहे. हंगामापूर्वी ग्रामसभेत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावे. ॲड्रेनॅलिन शिल्लक आहे का, त्याची मुदत संपलेली नाही ना, रात्री व सुटीच्या दिवशी कोण हजर असते, हे मोकळेपणाने विचारावे. आपण बियाण्याच्या पिशवीवरची तारीख वाचूनच बियाणे घेतो. तीच सवय इथेही लावावी.

बंधू-भगिनींनो, त्या मावशी आजही शेतावर येतात. कांद्याच्या गोंड्यात त्या जात नाहीत. प्रतवारी व वाळवणीचे काम करतात. पदराच्या गाठीला पैशांबरोबर त्यांची चिठ्ठीही असते. मागच्या हंगामात नवीन आलेल्या बायकांना कामाला लावण्यापूर्वी मी प्रश्न विचारायला उभा राहिलो, तर त्या म्हणाल्या, "सर, मी विचारलंय समद्यांना." त्यातील एका मुलीचे उत्तर "हो" असे होते.

आपणही विचारत जा, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवतो.